दोष आणि दोषी

जुन्या मोटारीचे किरकोळ बिघाड कसे ओळखावेत हा विषय या मासिकाच्या पानांवर कोठून आला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. तो आमच्या दारांतून आला. गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवीत आहों, आणि त्याहूनही अधिक वर्षें आमच्या दारांत एक पद्मिनी मोटार उभी आहे. या दोहोंपैकीं तर्कशास्त्राशीं आपला परिचय अधिक दाट आहे अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. गाडीनें ती काढून टाकली; आणि तसें होतांना आमच्या हातून एका कारागिराचा जो अपराध घडला, तो अजून पुरता फिटलेला नाहीं. त्याविषयीं लिहावें कीं न लिहावें, याचा निश्चय करण्यांत बरींच वर्षें गेलीं.

आधीं एका शब्दाविषयीं थोडें बोलूं. यंत्रांत जें बिघडलेलें असतें त्यास आपण दोष म्हणतों, आणि माणसानें जें वावगें केलेलें असतें त्यासही दोषच म्हणतों. वैद्यांचे वात, पित्त, कफ हे तिघेही दोषच. एकाच शब्दाच्या पोटांत इतके निरनिराळे अर्थ सुखानें नांदतात याचें आम्हांस पूर्वीं कौतुक वाटे. आतां भीति वाटते. ‘दोष कोठें आहे?’ असें विचारावयास आपण आरंभ करतों, आणि वाक्य पुरें होईतों ‘दोष कोणाचा आहे?’ असा त्याचा पालट झालेला असतो. पहिल्या प्रश्नाचें उत्तर एखादी तार किंवा एखादा खिळा हें असूं शकतें. दुसऱ्याचें उत्तर माणूसच असावें लागतें; आणि माणूस हातीं लागला कीं शोध थांबतो. तार सांपडली तर ती कां झिजली, केव्हां झिजली, असें आणखी विचारावेंसें वाटतें. माणूस सांपडला म्हणजे मन तृप्त होतें आणि पुढचें कांहींच विचारावेंसें वाटत नाहीं.

ही गाडी आमच्या वडिलांनीं १९८५ सालीं घेतली. त्या काळीं मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि ती दारीं आली तेव्हां घरांत नवें मूल यावें तसा समारंभ झाला होता. मूळची ही इटालियन फियाट. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून ती या नव्या आकारांत तयार होऊं लागली, पुढें तिला पद्मिनी हें नांव मिळालें, आणि या शतकाच्या आरंभास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें हें साधें यंत्र. त्यांत संगणक नाहीं, संवेदक नाहींत. जें कांहीं घडतें तें डोळ्यांस दिसतें, कानांस ऐकूं येतें किंवा नाकास कळतें. अशा यंत्राचें निदान सोपें असावें असें कोणासही वाटेल.

डिसेंबर २०११ मध्यें आम्ही साताऱ्यास निघालों असतां शिरवळ येथें चहासाठीं थांबलों. पाव तासानें परत येऊन किल्ली फिरविली, तों स्टार्टर, ज्यास आपल्याकडे सगळे लोक ‘सेल्फ’ म्हणतात, नुसता कण्हला आणि गप्प झाला. चहावाल्याच्या मुलांनीं गाडीस धक्का दिला. ती लागलीच सुरू झाली आणि साताऱ्यापर्यंत तक्रारीचें अक्षरही न काढतां धांवली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं थंड असतां सेल्फही फिरला, मात्र जरा रखडत. यानंतर हाच प्रकार वारंवार होऊं लागला. गाडी तापली कीं पुन्हा सुरू होण्यास नकार. थंडावली कीं राजी.

आतां आमचा तर्क पाहावा. धक्का मारतांच यंत्र चालूं लागतें, त्याअर्थीं पेट्रोल आणि ठिणगी हीं दोन्हीं निर्दोष. येथपर्यंत आमचें कांहीं चुकलें नव्हतें. किल्ली फिरविली असतां पुढचे दिवे मंद होतात काय, हेंही आम्हीं पाहिलें. ते होत नव्हते, चांगले प्रखर राहत होते. त्याअर्थीं बॅटरी दुबळी नाहीं. मग उरला कोण? सेल्फ. नैयायिक यास परिशेष म्हणतात: शक्य तेवढे पर्याय मांडावेत, एकेक बाद करावा, आणि जो शिल्लक राहील तो स्वीकारावा. या पद्धतींत एकच मेख आहे. पर्यायांची यादी पुरी असली पाहिजे. आणि ती पुरी आहे किंवा नाहीं, हें ती यादी स्वतः कधींच सांगत नाहीं.

त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली. नोव्हेंबरांतच आमच्या नेहमींच्या मिस्त्रींनीं हाच सेल्फ उतरवून त्याचे झिजलेले कार्बन बदलले होते. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत व्यतिरेकाची जी पद्धति सांगितली आहे, ती आम्ही दर वर्षीं फळ्यावर लिहितों: दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे असून एकाच बाबतींत भिन्न असतील, आणि एकांत कार्य घडून दुसऱ्यांत न घडेल, तर ती भिन्न बाब कार्याच्या कारणाशीं निगडित असते. नोव्हेंबरापूर्वीं गाडी ठीक होती, नंतर बिघडली. मध्यें मिस्त्रींचा हात लागला. आम्हांस हें प्रमेय सुटल्यासारखें वाटलें. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, ही गोष्ट लहानपणीं सर्वांनीं ऐकलेली असते. फांदी आपल्याच डोक्यावर पडली म्हणजे ती आठवत नाहीं.

आम्ही गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलों. मिस्त्री आमच्याहून वयानें मोठे; वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखालची. गॅरेजांत तीन-चार गिऱ्हाइकें उभीं होतीं, एक पोरगा चाकें धूत होता. आम्हीं तेथेंच म्हटलें, “मिस्त्री, चांगला फिरणारा सेल्फ तुम्ही घालवलात. जुना माल बसवून नव्याचे पैसे घेतलेले आम्हांला कळत नाहींत, असं समजूं नका.”

मिस्त्रींनीं हातांतला पाना खालीं ठेवला. ते म्हणाले, “सर, गाडी गरम असतांना आणा. थंड गाडी खोटं बोलते. एकदां मला बिघडलेली दाखवा, मग काय तें बोला.”

आम्हीं दाखविली नाहीं. शोधाची जी एकमेव बरोबर दिशा होती ती त्या मनुष्यानें एका वाक्यांत सांगितली होती, आणि आम्हीं ती पळवाट समजलों. वस्तुतः अधूनमधून होणाऱ्या बिघाडाविषयीं याहून शहाणें वचन आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं. चालत्या गाडीची परीक्षा करून न चालण्याचें कारण कसें सांपडावें?

पुढें गाडी दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजांत गेली. तेथें सेल्फ बदलला. फरक पडला नाहीं. मग बॅटरी बदलली. तरीही फरक नाहीं. साडेनऊ हजार रुपये गेले. आयुर्वेदानें रोग ओळखण्याचीं जीं पांच साधनें मानलीं आहेत, निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति, त्यांत उपशय हें मोठें मार्मिक आहे. रोगाचें स्वरूप गूढ असेल तेव्हां एखादें औषध किंवा पथ्य देऊन पाहावें. त्यानें आराम पडला कीं वाढ झाली, यावरून रोग ओळखावा. सुटा भाग बदलून पाहणें हा मोटारीचा उपशय, आणि तो स्वतः निंद्य नाहीं. पण वैद्य उपशय करतो तो मनांत प्रश्न धरून, आणि औषध लागू पडलें नाहीं तर त्या नकारापासूनही तो कांहीं शिकतो. सेल्फ बदलून गुण आला नाहीं, तेव्हां सेल्फ निर्दोष होता हें सिद्ध झालें होतें. म्हणजेच मिस्त्री निर्दोष होते हेंही सिद्ध झालें होतें. आम्हीं हा निष्कर्ष काढला काय? नाहीं. आम्हीं म्हटलें, नवा सेल्फही सदोष निघाला असेल. मनांत आरोपी एकदां ठरला कीं पुरावा त्याच्या बाजूनें उभा राहिला तरी तो फितूर साक्षीदार वाटूं लागतो.

मार्च महिन्यांत एके दिवशीं दुपारीं गाडी घरासमोरच अडली. आम्ही बॉनेट उघडून आंत पाहत होतों. आमच्या पत्नी आंत बसून आमच्या सांगण्यावरून पुनःपुन्हा किल्ली फिरवीत होत्या. त्यांस तर्कशास्त्राचें वावडें नाहीं, पण त्याचा अभिमानही नाहीं. त्या एकाएकीं म्हणाल्या, “अहो, इकडे या. ही चोकची तार भाजते आहे. हिच्यांत वीज असते का?”

चोकची तार ही नुसती ओढण्याची तार. कार्ब्युरेटरची झडप मिटविणें एवढेंच तिचें काम. विजेशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. आणि तिच्यावरचें धातूचें वेष्टन हात लावूं देत नव्हतें.

येथें वाचकांस थोडा तांत्रिक तपशील सोसावा लागेल, कारण सगळें मर्म त्यांतच आहे. मोटारींत विजेची एकच तार दिव्याकडे किंवा सेल्फकडे जाते. परतीची तार नसते. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा. पण यंत्र पत्र्यास सरळ जोडलेलें नसतें. तें हादरे सोसण्यासाठीं रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून यंत्र आणि पत्रा यांस जोडणारी तांब्याची एक विणलेली जाड पट्टी बोल्टानें आवळलेली असते. कारागीर तिला ‘अर्थिंग’ म्हणतात. ही पट्टी नीट चिकटलेली नसेल, तर सेल्फमध्यें गेलेल्या विजेस परत येण्यास वाट राहत नाहीं, आणि ती मिळेल त्या धातूच्या आधारानें परतूं पाहते. आमच्या गाडींत तिला चोकची तार मिळाली होती.

तरी मग दिवे कां चांगले लागत होते? दिव्यांचा परतीचा मार्ग पत्र्यांतूनच सरळ बॅटरीकडे जातो. त्यांस या पट्टीची गरज नसते. शिवाय अशा कच्च्या सांध्याचा स्वभावच असा कीं थोड्या ओझ्याखालीं तो अगदीं निरोगी दिसतो. सांध्यांत अवघा ०.०२ ओहम रोध आला असें धरूं. पांच अँपिअर घेणाऱ्या दिव्यास त्यामुळें दशांश व्होल्टाची तूट येते. ती कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं. पण सेल्फ १५० अँपिअर ओढतो, आणि तेथें तूट येते तीन व्होल्टांची. बारांतून तीन गेले, म्हणजे चौथा भाग वाटेंतच खर्च झाला. त्यांत यंत्र तापलें कीं सेल्फमधील तांब्याचाही रोध वाढतो, आणि जें कसेंबसें पुरत होतें तें पुरेनासें होतें. दिवे प्रखर असून सेल्फ कण्हतो, याचा अर्थ बॅटरी चांगली एवढाच नव्हे. प्रवाह वाटेंत कोठें तरी अडला आहे, असाही होऊं शकतो. आमच्या यादींत बॅटरी होती, सेल्फ होता. मधली वाट नव्हती, आणि परतीची वाट तर मुळींच नव्हती. जाणाऱ्याकडे सर्वांचें लक्ष असतें.

आम्हीं मल्टिमीटर आणला. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीस, दुसरें यंत्राच्या अंगास लावलें आणि किल्ली फिरवावयास सांगितलें. तेथें फार तर अर्धा व्होल्ट दिसावा. दिसले तीनाहून अधिक. मग आम्हीं ती पट्टी सोडविली. पट्टी चांगली होती. तिच्याखालचा पत्राही चांगला होता. त्यावर काळ्या रंगाचा सुरेख, गुळगुळीत, सारखा हात दिलेला होता.

तो हात आमचा होता. त्याच वर्षींच्या दिवाळीच्या सुटींत, ऑक्टोबरांत, आम्हीं गाडीची सेवा म्हणून बॉनेटखालचा गंज घासून काढला होता, त्यासाठीं ती पट्टी सोडविली होती, आणि उघड्या पत्र्यास रंग देऊन तो वाळल्यावर पट्टी पुन्हा वरून आवळली होती. रंगांतून वीज जात नाहीं. कांहीं आठवडे ती बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी गेली. आटे गंजले तसा तोही मार्ग बुजला. वीस रुपयांच्या पॉलिश पेपरनें दहा मिनिटांत आम्हीं तो रंग खरवडला, आणि सेल्फ गरगर फिरला.

मिलची पद्धति खोटी ठरली काय? नाहीं. तिची अट अशी कीं दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक असावा. येथें दोन गोष्टींचा होता, आणि त्यांपैकीं एक आमच्या गणतींतच आली नाहीं. ती गुप्त होती म्हणून नव्हे. ती आमची होती म्हणून. दुसऱ्यानें केलेलें काम आपणांस घटना वाटतें. स्वतः केलेलें काम घटना वाटत नाहीं, तें नुसतें आपलें असणें वाटतें. शिवाय तें प्रेमानें केलेलें होतें. प्रेमानें केलेल्या कृत्याचें फळ वाईट येईल, ही शक्यताच मनास शिवत नाहीं. घरोघरीं मुलांच्या वागणुकीचीं कारणें शोधतांना शाळा, शेजार, मित्र, हल्लींचे फोन हीं सर्व यादींत येतात. यादी करणारे मात्र तींतून सुटतात, त्याचें कारण हेंच असावें. पण हें विषयांतर झालें.

धूर दिसला कीं अग्नि असतो, हें अनुमान आपल्याकडे मुलेंही जाणतात. परंतु अग्नि असला कीं धूर असतोच, असें म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धुरास ओलें सर्पणही लागतें. हें ओलें सर्पण म्हणजे नैयायिकांचा उपाधि, ज्याकडे दुर्लक्ष झालें कीं व्याप्ति फसते. मोटारीचा धूर हें याचें चालतें उदाहरण आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतें आहे, काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षां अधिक जातें आहे, आणि थंडीच्या पहाटे निघणारा पांढरा बहुधा नुसती वाफ. तीन धुरांचे तीन अर्थ, आणि तरीही पांढरा धूर पाहून घाबरलेले गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. नव्या गाड्यांस हा प्रश्न राहिला नाहीं असें म्हणतात. अमेरिकेंत १९९६ पासून मोटारींस आपले बिघाड स्वतः नोंदविणारी एकसारखी व्यवस्था सक्तीची झाली. आतां आपल्याकडेही ती आली आहे. यंत्र जोडलें कीं ‘पी ०१७१’ असा संकेत उमटतो. त्याचा अर्थ मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, एवढाच. तें हवेच्या नळीस चीर गेल्यामुळें, पंप दुबळा झाल्यामुळें कीं मोजणारा संवेदकच चुकल्यामुळें, हें त्यांत लिहिलेलें नसतें. पुष्कळ लोक संवेदक बदलून मोकळे होतात.

कोणी म्हणेल, मग कारागिरास कधीं बोलूंच नये कीं काय? जुना भाग नव्या डब्यांत घालून विकणारे लोक आहेत, आणि त्यांचें पाप झांकण्याची आमची इच्छा नाहीं. बोलावें, पण सेल्फ उघडून, आंतले कार्बन पाहून बोलावें. तें काम अर्ध्या तासाचें होतें. आम्ही जर चार लोकांसमोर न बोलतां एकांतांत बोललों असतों, तर चूक तीच राहिली असती, पण ती परत घेतां आली असती. चुकीचा भाग बसविला तर तो काढतां येतो.

एप्रिलांत आम्ही मिस्त्रींकडे गेलों आणि घडलें तें सर्व सांगितलें. त्यांनीं रंग कोणता होता, किती हात दिले होते, हें बारकाईनें विचारलें. मग म्हणाले, “सांपडलं, बरं झालं. सर, तुम्ही सांगायला आलांत हें चांगलं केलंत. पण त्या दिवशीं इथं चार गिऱ्हाइकं उभीं होतीं. त्यांतलीं दोन परत आलीं नाहींत. त्यांना आतां कोण सांगणार?”

आम्ही सांगतों, असें आम्ही म्हणालों. दोघांपैकीं एकाचाच पत्ता मिस्त्रींस ठाऊक होता. त्या रविवारीं आम्ही त्यांच्याकडे गेलों. सभ्य गृहस्थ, त्यांनीं चहा केला. आम्हांस त्यांनीं ओळखलें नाहीं. त्या दिवशींचा प्रसंगही त्यांस नीट आठवत नव्हता. मात्र तो मिस्त्री जुना माल बसवितो, हें कोणीसें सांगितल्याचें त्यांस पक्कें आठवत होतें. तें सांगणारे आम्हीच आणि तें खोटें होतें, असें आम्हीं म्हटलें, तेव्हां ते संकोचानें हंसले आणि म्हणाले, “असेल, असेल. पण प्रोफेसरसाहेब, आग असल्याशिवाय धूर निघत नाहीं.”

यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींस जाऊन सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि कांहीं न बोलतां आमच्या गाडीचें बॉनेट उघडलें. उजवा दिवा जरा मंद आहे, असें आम्ही पुष्कळ दिवस म्हणत होतों, आणि त्याचे दोन बल्बही बदलून झाले होते. मिस्त्रींनीं दिव्यामागचा अर्थिंगचा स्क्रू सोडविला, खालचा पत्रा नखानें खरवडून पाहिला, आणि बोट आमच्यासमोर धरलें. त्यावर काळा रंग होता.

“इथंही तुमचाच हात आहे, सर,” ते म्हणाले, आणि पोऱ्यास पॉलिश पेपर आणावयास सांगितलें.